कॉम्प्युटरच्या पोटातलं घड्याळ

आमचा वॉचमन यल्लाप्पा गावी निघून गेला त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की पाणी आपोआप वर चढत नाही.

तोवर सगळ्यांचा समज असा, की नळ सोडला की पाणी येतं, आणि नाही आलं तर खिडकीतून "यल्लाप्पाऽ" म्हणून ओरडलं की येतं. खाली जमिनीत एक हौद आहे, गच्चीवर टाकी आहे आणि दोघांच्या मध्ये एक मोटर आहे, हे मी असोसिएशनच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी "असं होय?" म्हणून मान डोलावली. ते स्वतः सिव्हिल इंजिनिअर आहेत.

खालच्या हौदाला बंगळुरात 'संप' म्हणतात. पुण्याहून येऊन तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहिलेल्या निहारला पहिल्याच दिवशी कुणीतरी "आज संपात पाणी नाही" असं सांगितलं, तर त्याने "मग मिटणार कधी?" असं विचारलं होतं. मुलगा हुशार, कोरमंगलाला सॉफ्टवेअर कंपनीत. पण त्याचं पुढे येईल.

मोटर कुणी चालवायची, यावर मीटिंगमध्ये प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव मोठ्या आदराने सुचवलं. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मोटर कॉम्प्युटर चालवेल."

मी घड्याळांच्या कारखान्यात आहे, तपासणी विभागात. माझ्या टेबलावरून पास झाल्याशिवाय घड्याळ बाहेर पडत नाही. त्यामुळे वेळेच्या बाबतीत बिल्डिंगमध्ये सूर्यकांत रावांचा शब्द अखेरचा. लोक रेडिओ ऐकून घड्याळ लावत नसत, मला विचारून लावत. टाकी भरायला किती वेळ लागतो, तो मी गच्चीवर स्टॉपवॉच घेऊन मोजला आणि कारखान्याने मोडीत काढलेल्या एका कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिला. ठरलेल्या वेळी मोटर सुरू, टाकी भरण्याइतका वेळ झाला की बंद. झालं.

"त्यापेक्षा टाकीत तो तरंगणारा फ्लोट बसवा ना," श्यामला म्हणाली. श्यामला म्हणजे माझी बायको. तिच्या मल्लेश्वरमच्या बहिणीकडे आहे म्हणे तसला. टाकी भरली की आपोआप मोटर बंद.

"फ्लोट गंजतो," मी म्हणालो. "वेळ गंजत नाही."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुढच्या मीटिंगमध्येही म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन वर्षं सगळं बिनबोभाट चाललं. पाणी आपोआप वर चढतं, असा लोकांचा पुन्हा समज झाला.

मग नव्याण्णव साल उजाडलं. त्या वर्षाच्या शेवटी जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बिघडणार, विमानं पडणार, बँका बुडणार, असं जो तो सांगत होता. आमचे अध्यक्ष अप्पासाहेब हे बेळगावचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कुठूनतरी एक पत्रक आणलं आणि मीटररूममधल्या माझ्या कॉम्प्युटरपुढे उभं राहून ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"एक जानेवारीला ह्याला एकोणीसशे साल वाटणार की ओ, राव," ते म्हणाले. "आणि एकोणीसशे साली इंदिरानगरात मोटर कुठली? हा चालूच करायचा नाही!"

या युक्तिवादात कुठेतरी चूक आहे हे मला दिसत होतं, पण नेमकी कुठे ते सापडेपर्यंत ठराव पास झाला. नवा कॉम्प्युटर आला. अप्पासाहेब त्याच्यावर असोसिएशनची बिलं करणार, पत्रं टाइप करणार आणि मोटरही त्याच्यावरच चालणार. कॉम्प्युटर काही वेळ नुसता ठेवला की त्याच्या पडद्यावर रंगीत पाइप उगवायचे, वळणं घेत एकमेकांत गुंतत जायचे. अप्पासाहेब हरखून गेले. "बघा, आपलं पाण्याचं काम म्हणून कंपनीने पाइपांचं चित्रसुद्धा घालून दिलंय!"

अडचण एवढीच झाली की नव्या मशीनवर माझा प्रोग्रॅम चालेना. नवी विंडोज त्याला मोटरच्या तारेला हातच लावू देईना. मी तीन रविवार खर्ची घातले. चौथ्या रविवारी श्यामलाने मला न विचारता निहारला बोलावून आणलं.

"काका, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसात एक एकदम नवीन सॉफ्टवेअर आलंय. व्हर्च्युअल मशीन. म्हणजे ह्या मशीनच्या पोटात आपण अजून एक मशीन बसवायचं. खोटं. तुमच्या प्रोग्रॅमला वाटेल आपण जुन्याच मशीनवर आहोत."

"म्हणजे त्याला फसवायचं?"

"हो, पण चांगल्यासाठी."

निहारने तासाभरात ते करून दाखवलं. पडद्यावर एक चौकोन उघडला आणि त्या चौकोनात माझा जुना काळा पडदा, माझा प्रोग्रॅम, माझं मोठ्या आकड्यांतलं घड्याळ, जसंच्या तसं. माझे डोळे भरून आले. आपलं माणूस परदेशी जाऊन तिथेही धोतर नेसून बसलेलं दिसावं, तसं वाटलं.

आणि चौथ्या दिवशी सकाळी आम्हाला भाग्यलक्ष्मी अक्कांच्या किंकाळीने जाग आली.

अक्का तळमजल्यावर मागच्या बाजूला राहतात. शाळेत शिकवतात, नवरा लवकर गेला, एकुलती एक मुलगी रक्षिता. रक्षिता लहानपणी शाळेतून आली की आई येईपर्यंत आमच्याकडेच असायची. आमच्या घरच्या मराठीत ती अजून मला 'मामा' म्हणते. गच्चीवरच्या टाकीचा जादा पाण्याचा पाइप नेमका अक्कांच्या मागच्या अंगणावर उघडतो. त्या अंगणात रात्रीपासून पसरून ठेवलेले वर्षाचे सांडगे आता नव्हते. त्यांच्या जागी पांढरट लापशी वाहत होती आणि वरून टाकीची धार कोसळत होती. मोटर सुरूच होती.

मी धावत मीटररूममध्ये गेलो. पाइपांचं चित्र चाललं होतं. माउस हलवला, चित्र गेलं आणि माझं घड्याळ दिसलं. मी ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. प्रोग्रॅमचं घड्याळ मागे होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं पाऊण तास मागे. बिचाऱ्याला वाटत होतं, टाकी अजून अर्धीसुद्धा भरली नाही.

"घड्याळाच्या कारखान्यातला माणूस," अंगणातून कुणीतरी म्हणालं. पुढचं बोलायची गरजच नव्हती.

घड्याळ बरोबर लावून मी त्या दिवशी रजा टाकली आणि मशीनसमोर खुर्ची टाकून बसलो. अधूनमधून माउस हलवून खातरी करत होतो. संध्याकाळपर्यंत एका सेकंदाचाही फरक नाही. दुसऱ्या दिवशी बसलो. फरक नाही. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि संध्याकाळी येऊन पाहतो तो घड्याळ पुन्हा मागे, अंगणात पुन्हा तळं.

"तुम्हाला बघून घाबरतं ते," श्यामला म्हणाली. "मी शिकवायचे तेव्हा माझ्या शाळेतली मुलं अशीच होती."

आता सल्ल्यांना ऊत आला. सिव्हिल इंजिनिअर म्हणाले, मशीनचं तोंड दक्षिणेला आहे. म्हणून ते पूर्वेला वळवलं, तर वायर पुरेना. अप्पासाहेब म्हणाले, हे एकतीस डिसेंबरचंच दुखणं आहे, फक्त आमच्याकडे जरा आधी आलं. कुणी म्हणालं व्होल्टेज, म्हणून स्टॅबिलायझर बसवला. तो असा गुणगुणायचा की अक्कांना वाटलं मीटररूममध्ये भजन चाललंय. मशीनच्या आतली छोटी बॅटरी बदलली. मागच्या अंगणावरचा पाइप निदान दुसरीकडे वळवावा म्हणून शिवाप्पा प्लंबरला बोलावलं. तो येऊन पाइप पाहून गेला आणि म्हणाला, "नाळे." कन्नडमध्ये नाळे म्हणजे उद्या. तो रोज भेटायचा आणि रोज नाळे म्हणायचा. कामाला किती वेळ लागेल विचारलं की 'स्वल्प', म्हणजे थोडाच.

त्यातच पाणी वाया घालवल्याची नोटीस आली. बिल्डिंगमधून रस्त्यावर पाणी वाहत असल्याची तक्रार कुणीतरी केली होती. मी लेखी खुलासा घेऊन पाणी खात्याच्या कचेरीत गेलो. खुलाशात मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की कॉम्प्युटरच्या आत असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडल्यामुळे हा प्रकार झाला.

साहेबांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"दोन कॉम्प्युटर आहेत?"

"नाही सर. एकच आहे. दुसरा आत आहे."

"आत म्हणजे?"

"म्हणजे तो खरा नाही सर. त्याला फक्त वाटतं की तो आहे."

साहेबांनी खुलाशाची घडी घातली. मग हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "सरी, ठीक आहे. दुसऱ्याची पावती आणून द्या." आणि घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच आठवड्यात रक्षिताचं लग्न ठरलं.

ठरलं म्हणजे कसं, तर साखरपुड्याची तारीख ठरली. म्हैसूरकडचं घराणं, मुलगा चांगला, पण घरातली वडील माणसं फार शकुन-अपशकुन मानणारी. आणि आधीच्या वर्षी रक्षिताचं एक जमलेलं स्थळ निव्वळ समई विझली म्हणून मोडलं होतं. पंखा कुणीतरी लावला आणि समई विझली, बस. त्यानंतर ती पोरगी सहा महिने हसली नव्हती. साखरपुडा घरच्या घरी, साधेपणाने करायचा, असं मुलाकडच्यांनी सांगितलं होतं. घरच्या घरी म्हणजे मागच्या अंगणात. मांडव घालून. बरोब्बर त्या पाइपाखाली.

अक्का माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "अण्णा, त्या दिवशी वरून पाणी पडलं तर मी तुमच्याशी भांडणार नाही. मी काहीच बोलणार नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी निहारला त्याच्या खोलीतून खाली आणलं. या वेळी मी त्याला 'पोरा' न म्हणता 'निहार' म्हणालो, यावरून त्याला परिस्थिती कळली. तो दोन दिवस ऑफिसातल्या कुणाकुणाला विचारून आला.

"काका, सापडलं," तो म्हणाला. "आतल्या मशीनला स्वतःची टिकटिक नाहीये. बाहेरचं मशीन दर क्षणाला त्याला एक टिचकी मारतं, आणि ते बिचारं टिचक्या मोजून वेळ ठरवतं. आता बाहेरचं मशीन दुसऱ्या कामात गुंतलं की टिचक्या मारायच्या राहून जातात. आतल्याला काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने तेवढा वेळ गेलेलाच नसतो."

मला एकदम त्या प्रोग्रॅमची दया आली. आपण मन लावून मोजतो आहोत आणि समोरचा टिचक्याच मारत नाही.

"म्हणजे कुणीतरी मशीनवर दुसरं काम करतंय," मी म्हणालो.

आम्ही दोघांनीही एकाच वेळी अप्पासाहेबांच्या दाराकडे पाहिलं.

अप्पासाहेबांनी आधी इन्कार केला. मग बिलांचं काम असतं म्हणाले. मग, निहारने मशीन उघडून दाखवल्यावर, कबूल केलं की दुपारच्या वेळी ते त्याच्यावर पत्ते खेळतात. "एकट्याचा डाव ओ. कुणाला त्रास नाही," ते ओशाळून म्हणाले. बेळगावचा माणूस चोर म्हणून पकडला गेला तरी ताठ बसतो. पण पत्त्यांमुळे अक्कांचे सांडगे वाहून गेले हे ऐकल्यावर ते खरोखर खचले. त्यांनी स्वतःच तोडगा काढला. साखरपुड्याच्या दिवशी मीटररूमला कुलूप. किल्ली त्यांच्या कमरेला. मशीनला कुणीही, अगदी मीसुद्धा, हात लावायचा नाही.

"एकदम करेक्ट," निहार म्हणाला. "होस्ट, म्हणजे बाहेरचं मशीन, आयडल राहिलं की प्रॉब्लेमच नाही."

आदल्या दिवशी मी पुन्हा खुर्ची टाकून दिवसभर बसलो. पत्ते बंद. अधूनमधून माउस हलवून घड्याळ ताडून पाहिलं. एका सेकंदाचा फरक नाही.

"आजचा दिवस हाताने चालवा ना मोटर," साखरपुड्याच्या सकाळी श्यामला म्हणाली. ती माझ्या रेशमी धोतराच्या निऱ्या नीट करत होती.

"आणि सगळ्यांपुढे मान्य करायचं की घड्याळाच्या माणसाचं घड्याळ चालत नाही?"

तिने निऱ्या जरा जास्तच घट्ट खोचल्या एवढंच.

मांडव सुरेख झाला होता. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, मध्ये पाट. एका कोपऱ्यात आचारी. स्वयंपाकाला, आंघोळींना सकाळीच टाकी रिकामी झाली होती, आणि ठरल्या वेळी मोटर सुरू झाल्याचा आवाज मी समाधानाने ऐकला. अप्पासाहेबांनी सर्वांदेखत मीटररूमला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि तेवढ्यात फोन आला की मुलाकडची गाडी रस्ता चुकली आहे. इंदिरानगरात ज्याला क्रॉस आणि मेन या रस्त्यांतला फरक कळत नाही तो दिवसभर त्याच कोपऱ्यावर परत येत राहतो. अप्पासाहेब त्यांना आणायला स्कूटर काढून गेले.

मी मांडवात हात जोडून उभा राहिलो. पण कान मोटरकडे. मोटर चालू होती. मनगटाकडे पाहिलं. अजून वेळ होता. पुन्हा पाहिलं. आता थोडाच वेळ होता. मग वेळ झाली.

मोटर चालूच होती.

एखादं मिनिट इकडेतिकडे, असं मी मनाला सांगितलं. वीस वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस स्वतःला 'एखादं मिनिट इकडेतिकडे' असं सांगतो तेव्हा समजावं की त्याचं काही खरं नाही. मी कुणाला कळणार नाही अशा बेताने मांडवातून निघालो आणि कळेल अशा वेगाने मीटररूमकडे गेलो. दाराला कुलूप. शेजारी गज लावलेली खिडकी. आत पाहिलं.

पडद्यावर पाइप उगवत होते. हिरवे, तांबडे, पिवळे. भराभर, एकातून दुसरा, कुणी बघत नसताना, कुणी सांगितलेलं नसताना. आणि मशीनमधला पंखा धापा टाकल्यासारखा घरघरत होता. मी दिवसदिवस समोर बसलो तेव्हा हा पंखा असा कधी घरघरला नव्हता. कारण मी बसलो की माउस हलवायचो, आणि माउस हलला की पाइप जायचे.

"निहार!" मी ओरडलो.

तो हातात गुलाबपाण्याची पन्नीरदाणी घेऊन धावत आला, खिडकीतून पाहिलं आणि तिथेच थिजला. "काका... स्क्रीनसेव्हर. हे चित्र काढायलाच सगळी ताकद जातेय. कुणी हात लावला नाही की हे सुरू होतं. आणि आपण तर..."

"आपण कुलूप लावलं," मी म्हणालो.

किल्ली अप्पासाहेबांबरोबर. मोटरचं बटणही आतच, मेन स्विचही आतच. निहारने मांडवाचा एक उरलेला बांबू आणला आणि गजांतून आत घातला. पहिल्या प्रयत्नात त्याने माउस गाठला. पाइप गेले, माझं घड्याळ दिसलं. त्याच्या हिशोबाने टाकी अजून निम्मी व्हायची होती. "एस्केप दाब, एस्केप!" मी म्हणालो. बांबू कीबोर्डकडे सरकला, डगमगला, आणि कीबोर्ड टेबलावरून खाली जाऊन पडला.

वर गच्चीवर पाइप खाकरला. तो आवाज मला ओळखीचा झाला होता. आधी घशात अडकल्यासारखा खाकरतो, मग दोन-चार थेंब, मग धार.

त्याच क्षणी फाटकाशी गाडी थांबली. अप्पासाहेबांच्या स्कूटरचा मात्र अजून पत्ता नव्हता. मुलाकडची माणसं उतरत होती. पुढे एक वृद्ध आजी, काठी टेकत, मांडवाकडे निघालेल्या. अक्का आरती घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांची नजर माझ्यावर होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी सांगितलंच होतं तसं.

मोटर थांबवता येत नसेल तर टाकी रिकामी करायची! हे मला कुठून सुचलं माहीत नाही. मी धोतर वर धरलं आणि जिने चढायला लागलो. पहिल्या मजल्यावरचं दार ठोठावलं. "नळ सोडा! सगळे नळ सोडा!"

"पाणी जाणार आहे का?" आतून प्रश्न. "भरून ठेवू?"

"भरू नका! सोडून द्या!"

ज्या बिल्डिंगमध्ये माणसं भांडी घासलेल्या पाण्याने कुंड्या शिंपतात, तिथे हे वाक्य कुणाला पटेना. सिव्हिल इंजिनिअर तर मला कारण विचारू लागले. मी त्यांच्या बाजूने आत घुसून त्यांच्या न्हाणीघरातला नळ स्वतः सोडला. वरून निहारचा आवाज येत होता, "काकू, प्लीज, शॉवर पण!" श्यामला काय झालंय हे न विचारताच आमच्या घरचे नळ सोडून शेजारच्यांच्या घरात शिरली होती. तिसऱ्या मजल्यावर मी पोहोचलो तेव्हा सगळ्या बिल्डिंगमधून पाणी खळाळत होतं. पाऊस आत पडावा तसा आवाज.

मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. पाइपाच्या तोंडातून एक धार सुटली होती, करंगळीएवढी. मांडवाच्या कडेला, आचाऱ्याच्या खांद्यावर पडली. त्याने वर आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. त्याने खांदा पुसला. आजी मांडवाच्या तोंडाशी पोहोचल्या होत्या. धार बारीक झाली. तिचे थेंब झाले. एक थेंब पाइपाच्या ओठावर लोंबकळत राहिला. तो पडला. केळीच्या पानावर. पुढचा आला नाही.

खाली अप्पासाहेबांनी एकदाचं येऊन कुलूप उघडलं, आणि मोटर थांबली.

पुढचं आधी सांगून टाकतो. साखरपुडा नीट पार पडला. समई विझली नाही, पंखा कुणी लावला नाही. रक्षिताने अंगठी घातली तेव्हा ती हसली, आणि मी धोतर ओलंचिंब झालेलं असूनही पहिल्या रांगेत उभा होतो. त्याच संध्याकाळी निहारने पाइपांचं चित्र कायमचं काढून टाकलं. अप्पासाहेबांनी त्याला विरोध केला नाही, फक्त एकदा शेवटचं पाहून घेतलं. टाकीत फ्लोट बसला. तो बसवताना श्यामला गच्चीवर मुद्दाम आली आणि एक शब्दही बोलली नाही. मला वाटतं बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी न बोलण्याची कला माझ्यावरच आजमावली.

पण त्या दुपारचं एक राहिलं. पंगती उठल्या. म्हैसूरची माणसं हात धुवायला मोरीकडे गेली आणि नळ सोडले. नळातून हवा आली. कारण मी नळ सोडा असं सगळ्यांना सांगितलं होतं, पण बंद करा असं कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळे जण साखरपुडा बघायला खाली उतरले आणि टाकी तळापर्यंत वाहून गेली.

मी मीटररूममध्ये गेलो. कॉम्प्युटर बंद केला. मोटरचं बटण दाबून बोट तिथेच ठेवून उभा राहिलो. दारात हळूहळू रांग लागली. जरीच्या साड्या, रेशमी सदरे, आणि प्रत्येकाचा उजवा हात खरकटा, अधांतरी धरलेला. होणारे जावई. त्यांचे वडील. रांगेच्या पुढे त्या काठीवाल्या आजी. त्यांनी उंबऱ्यावर बसकण मारली, हातावरची हुळीची आमटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"हेच का तुमचे घड्याळवाले?" त्यांनी अक्कांना विचारलं. अक्कांनी मान हलवली.

"मग सांगा बघू," आजी मला म्हणाल्या. "पाणी यायला नक्की किती वेळ लागेल?"

टाकी रिकामी, एवढ्या घोड्याची मोटर, तेवढ्या उंचीचा पाइप, तळमजल्याच्या नळाला पाणी पोहोचायला किती वेळ, हे मला सेकंदापर्यंत पाठ होतं. रांगेतले सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. अप्पासाहेब, निहार, श्यामला. मी बटणावरचं बोट काढलं नाही. मनगटाकडे पाहिलं नाही.

"स्वल्प, अज्जी," मी म्हणालो. "स्वल्प."